आई-बाबांना घेऊन वॉटकिन्स ग्लेन: दोन मुक्काम कसे घालवावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून आई-बाबा जुलैमध्ये न्यूजर्सीला येताहेत, नायगारा करायचाच आहे, तर वाटेतलं, धबधब्यांच्या दरीचं वॉटकिन्स ग्लेन गाव दोन तासांत उरकावं की तिथे मुक्काम करावा? आईचे गुडघे दुखतात, मग तिला झेपेल का? आणि आजूबाजूला आणखी काय पाहण्यासारखं आहे?

मी याच भागात राहते. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या ज्येष्ठांचे छोटे गट घेऊन फिरणं हे माझं कामच आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने सांगते. मुक्काम करा, आणि एक नाही, दोन. न्यूजर्सीहून निघणाऱ्या बससहलींमध्ये या गावाला तास-दीड तास मिळतो. दुपारी एक-दीडला बस लागते, सगळे दरीच्या तोंडाशी फोटो काढतात, पहिला धबधबा जेमतेम दिसतो तोवर परत बोलावतात. वयस्कर माणसांचे त्यात फार हाल होतात. ज्यांना हळू चालायचं असतं त्यांनाच घाई करावी लागते. घरी परतल्यावर त्यांना नायगारा आठवतो आणि हे गाव विसरायला होतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हळू चालणाऱ्या माणसांना देण्यासारखं या गावाकडे नायगारापेक्षा जास्त आहे.

आधी गाव कुठे आहे ते पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा लांबट सरोवरं आहेत, त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. त्यातलं सर्वांत खोल सेनेका. ते सुमारे ३८ मैल लांब आणि ६१८ फूट खोल आहे. त्याच्या दक्षिण टोकाला दोन हजारांहूनही कमी वस्तीचं हे गाव आहे. फ्रँकलिन स्ट्रीट हा एकच मुख्य रस्ता. त्याचं उत्तरेचं टोक सरोवराच्या धक्क्यावर जातं आणि दक्षिणेकडे त्याच रस्त्यावर दरीचं दार आहे. गावातल्या पदपथावरून चालता चालता थेट दोनशे फुटी कड्यांच्या मध्ये शिरता येईल अशी गावं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

ही दरी कशी झाली ते आई-बाबांना आदल्या रात्री सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी चालण्यात गंमत येते. इथला खडक सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी गाळ साचून बनला. शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक), वाळूखडक आणि थोडा चुनखडक असे त्याचे थर एकावर एक बसले. मग हिमयुगात बर्फाच्या प्रचंड लाद्यांनी सेनेकाची मुख्य दरी खोल खरवडली, पण बाजूच्या ओढ्यांच्या दऱ्या वरच लटकत राहिल्या. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटलं आणि ग्लेन क्रीक नावाचा हा लहानसा ओढा त्या उंचीवरून सरोवराकडे उड्या मारायला लागला. मऊ शेल लवकर झिजतं, वाळूखडक टिकतो, म्हणून पायऱ्या-पायऱ्यांचे धबधबे तयार झाले. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी खडकात गोल रांजणखळगे कोरले. पुण्याजवळच्या निघोजचे रांजणखळगे बाबांनी पाहिले असतील, तर इथे काय चाललंय ते त्यांना न सांगता कळेल. फरक एवढाच की तिथे बेसॉल्ट आहे आणि इथला खडक वहीच्या पानांसारखा थरांचा. ग्लेन कॅथिड्रल नावाच्या मोकळ्या भागात वाटेवरच्या खडकात त्या प्राचीन समुद्राच्या लहरींच्या खुणा अजून दिसतात. तिथे बाबांना वाकून हात लावू द्या.

जेमतेम दोन मैलांत ओढा ४०० फूट उतरतो आणि वाटेत १९ धबधबे लागतात. त्यांच्या कडेने जाणारी गॉर्ज ट्रेल साधारण दीड मैलाची आहे आणि तिला ८३२ दगडी पायऱ्या आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नका, पण तो विसरूही नका.

आता गुडघ्यांबद्दल. बरेच जण सल्ला देतात की गाडी वरच्या दाराशी लावा आणि खाली उतरत या, म्हणजे दम लागत नाही. छातीला दम लागत असेल तर हे ठीक आहे. गुडघे दुखत असतील तर मात्र हे उलटं करा. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि इथल्या पायऱ्या ओल्या असतात, उंचीलाही सारख्या नसतात. म्हणून खालच्या मुख्य दाराने आत शिरा, हळूहळू चढा, आणि तुमच्यापैकी एकाने गाडी घेऊन वरच्या दाराशी यावं. म्हणजे उतरायची वेळच येत नाही. गाडी आणणाऱ्याने आपली दरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाहावी. तो वेळ तसाही सर्वांत छान असतो.

आईंचं दुखणं किती आहे ते मला माहीत नाही, म्हणून दोन पर्याय सांगते. घरातला एक जिना त्या कठड्याला धरून न थांबता चढत असतील, तर चढणीचा पूर्ण मार्ग त्यांना दोन-अडीच तासांत जमतो. शेवटी जेकब्ज लॅडर नावाचा १८० पायऱ्यांचा जिना आहे, त्याआधी निवांत बसून घ्या. आणि जिना चढणंच अवघड असेल, तर त्यांना फक्त कॅव्हर्न कॅस्केडपर्यंत न्या. प्रवेशाचा बोगदा, मग सेंट्री ब्रिज नावाचा पूल, मग हा धबधबा. वाट धबधब्याच्या पाठीमागून जाते, म्हणजे पाण्याचा पडदा आपल्या आणि दरीच्या मध्ये येतो. या दरीतली सर्वांत रोमांचक जागा सुरुवातीलाच आहे, हे माझ्या मते ज्येष्ठांचं भाग्य. तिथून कुणीतरी त्यांच्या सोबत सावकाश परत यावं आणि फ्रँकलिन स्ट्रीटने धक्क्यावर जाऊन बसावं. बाकाजवळच सरोवर आहे, बदकं आहेत, शिडाच्या नावा आहेत. त्यांना काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

बाकीच्यांनी पुढे जावं. नॅरोज म्हणजे अरुंद भागात कडे इतके जवळ येतात की जुलैतही गारवा लागतो आणि भिंतीवर शेवाळ, नेचे दिसतात. पुढे कॅथिड्रलमध्ये एकदम ऊन आणि कोरडेपणा. मग साठ फुटांहून उंच सेंट्रल कॅस्केड, आणि त्यापुढे रेनबो फॉल्स. इथे वरून पाण्याच्या बारीक धारा थेट वाटेवर कोसळतात आणि आपण त्यांच्या मागून जातो. बहुतेक फोटो इथलेच असतात. दुपारचं ऊन योग्य कोनातून आलं तर इंद्रधनुष्य दिसतं, पण त्यासाठी दुपारची गर्दी पत्करू नका. सकाळी आठच्या सुमाराला आत शिरलात तर तासभर तरी दरी जवळजवळ तुमची एकट्याची असते. दहानंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, अरुंद पायऱ्यांवर रांग लागते. तेव्हा मागच्यांच्या रेट्यामुळे म्हातारी माणसं घाईने पाऊल टाकतात आणि घसरणं नेमकं तिथेच होतं.

परतताना ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी इंडियन ट्रेल घ्यावी. ती दरीच्या काठावरून झाडीतून जाते आणि मधल्या झुलत्या पुलाकडे नेते. पूल ओढ्याच्या पाण्यापासून ८५ फुटांवर आहे.

पादत्राणांचं मात्र मी कडक सांगते. चपला नकोत, गुळगुळीत तळव्याचे नवे कोरे बूटही नकोत. वापरलेले, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. आईंना साडीची सवय असेल तर त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस बरा, कारण पायऱ्यांवर पाणी असतं आणि निऱ्या भिजून पायात येतात. वरून पाणी टपकतं म्हणून एक हलकं जॅकेट घ्या. छत्री नेऊ नका, अरुंद वाटेत ती समोरच्याच्या डोळ्याला लागते.

ही वाट आज दिसते तशी पहिल्यापासून नव्हती. १८६३ साली मॉर्व्हाल्डन एल्स नावाच्या पत्रकाराने ही दरी तिकीट लावून प्रवाशांसाठी उघडली, तेव्हा लाकडी जिने आणि पूल होते. १९०६ मध्ये राज्याने ती विकत घेतली. जुलै १९३५ मध्ये एका प्रचंड पुराने जवळजवळ सगळं वाहून नेलं. त्यानंतर मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या मुलांनी इथल्याच दगडात या पायऱ्या, कठडे आणि पूल बांधले. खडकाच्या थरांशी बांधकामाचे थर इतके जुळवलेत की कुठे निसर्ग संपतो ते पटकन कळत नाही. सिव्हिल इंजिनिअर असलेले काका-मामा इथे नेहमी मागे रेंगाळतात. त्यांना रेंगाळू द्या.

या पुराचा धागा कॉर्निंगपर्यंत जातो, आणि म्हणूनच मी दोन्ही गावं एकत्र पाहायला सांगते. कॉर्निंग इथून वीसेक मैल दक्षिणेला आहे आणि न्यूजर्सीहून येताना आधी तेच गाठणं सोयीचं पडतं. सकाळी सातला निघालात तर स्क्रँटन, बिंगहॅम्टनमार्गे दुपारच्या जेवणापर्यंत पोचता. पहिला अर्धा दिवस तिथल्या काचेच्या संग्रहालयाला द्या. १९५१ साली उघडलेल्या या संग्रहालयात काचेच्या साडेतीन हजार वर्षांच्या इतिहासातल्या वस्तू आहेत. सगळं पाहायचा हट्ट धरू नका. दोन गोष्टी चुकवू नका. पहिली, भट्टीसमोर बसून पाहायचं काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक. तिथे बसायला जागा असते, कारागीर काय करतोय ते कुणीतरी समजावत असतं, आणि इंग्रजी कमी कळणाऱ्यांनाही हातांकडे पाहून सगळं कळतं. मी नेलेले बहुतेक आजी-आजोबा दुसऱ्यांदा बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक मोठी, गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खळग्यांची काचेची चकती. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा इथे ओतला गेला. २५ मार्च १९३४ ला पहिला प्रयत्न झाला, पण वजन कमी करण्यासाठी साच्यात बसवलेले ठोकळे उष्णतेने सुटून वर तरंगले. २ डिसेंबरला दुसरी चकती ओतली आणि ती तडकू नये म्हणून महिनोन्‌महिने अंशाअंशाने थंड करत ठेवली. जुलै १९३५ मध्ये, ज्या पुराने वॉटकिन्स ग्लेनच्या वाटा धुऊन नेल्या त्याच पुराचं पाणी इथल्या कारखान्यात शिरलं आणि तापमान राखणारी वीज काही काळ बंद ठेवावी लागली. चकती वाचली. १९३६ मध्ये रेल्वेने ती कॅलिफोर्नियाला गेली आणि १९४८ मध्ये दुर्बिणीचं लोकार्पण झालं. फसलेली पहिली चकती तुम्हाला संग्रहालयात दिसते. बाबा शिक्षक असतील किंवा विज्ञानाची आवड असेल तर हा भाग सावकाश वाचून दाखवा. लांब पल्ल्याच्या दूरसंचारासाठी लागणारी, प्रकाश फार न गमावणारी काचतंतू १९७० मध्ये याच गावात बनली हेही सांगा. त्यांचे साताऱ्याहून येणारे व्हिडिओ कॉल अशाच तंतूंतून येतात.

संग्रहालय जिने टाळून पाहता येतं, व्हीलचेअर मिळते, आणि तिकीट सहसा लागोपाठ दोन दिवस चालतं. नातवंडांना स्वतः काचेची वस्तू बनवायची असेल तर आधी ऑनलाइन वेळ घ्या. वस्तू रात्रभर थंड व्हावी लागते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी मिळते. तुमचा मुक्काम जवळच असल्याने तेही जमून जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी झाली की जेवून दुपारी झोप काढा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मुलं-सुना इथेच चुकतात. अमेरिकेतल्या दोन दिवसांच्या सुटीत सगळं बसवायचं म्हणून दुपारीही धावतात आणि तिसऱ्या दिवशी आई-वडील नायगारापुढे थकून उभे राहतात. चारनंतर निघा. तीन मैलांवर मॉन्टूर फॉल्स गाव आहे. तिथे रस्ता संपतो तिथेच १५६ फुटांचा शेक्वागा धबधबा कोसळतो, घरांच्या रांगेच्या टोकाला. गाडीतून उतरून काही पावलं चाललं की झालं.

या गावाचं नाव कॅथरिन मॉन्टूर या स्त्रीवरून आलं. तिची वस्ती इथे जवळच होती. ही सगळी भूमी होडनशोनी, म्हणजे इरोक्वाय, लोकांची. सप्टेंबर १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने कॅथरिनची वस्ती जाळली. त्या मोहिमेत मूळ रहिवाशांची चाळीसहून अधिक गावं, मक्याची शेतं आणि फळबागा नष्ट केल्या गेल्या. सेनेका, कायुगा ही सरोवरांची नावं त्या लोकांची आहेत, हे पाटीवर वाचून पुढे जाण्यासारखं नाही. आई-बाबांना हे सांगाच.

तिथून परत येऊन ४१४ नंबरच्या रस्त्याने सरोवराच्या पूर्वेच्या काठाने थोडं वर जा. हेक्टर फॉल्स रस्त्याच्या कडेलाच दिसतो, पण थांबायला जागा अरुंद आहे आणि गाड्या वेगात येतात, तेव्हा वयस्कर माणसांना रस्ता ओलांडायला लावू नका. पुढे द्राक्षमळे लागतात. सेनेका इतकं खोल आहे की क्वचितच गोठतं, आणि उन्हाळ्यात साठवलेली ऊब थंडीत काठाला देत राहतं. म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष टिकतं. जुलैमध्ये या बाजूला चेरी तोडायला देणारे बागाईतदार असतात. झाडाखाली उभं राहून चेरी खाणं हा आईंच्या सहलीतला सर्वांत आनंदाचा तास ठरू शकतो, पाट्यांकडे लक्ष ठेवा. सरोवराकाठी मिठाचा कारखाना दिसला तर चकित होऊ नका. खोल जमिनीखाली प्राचीन समुद्राचं मीठ आहे, खाली पाणी सोडून ते विरघळवतात आणि वर काढतात.

बाबांना गाड्यांची आवड असेल तर आणखी एक. २ ऑक्टोबर १९४८ ला या गावाच्या रस्त्यांवरून मोटारींची शर्यत झाली आणि नंतर इथल्या बंदिस्त ट्रॅकवर १९६१ ते १९८० अमेरिकेची फॉर्म्युला वन ग्राँप्री होत असे. शर्यतीचा मूळ ६.६ मैलांचा मार्ग आजही साधा सार्वजनिक रस्ता आहे, कोर्टाच्या इमारतीपासून निघून तुम्ही तो गाडीने फिरू शकता. पण मोठ्या शर्यतीचा शनिवार-रविवार असेल तर गावात येऊ नका. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव दुप्पट-तिप्पट होतात. खोली आरक्षित करण्याआधी शर्यतींचं वेळापत्रक पाहा. गावात महाग वाटलं तर हॉर्सहेड्स किंवा कॉर्निंगला राहिलात तरी अर्ध्या तासाचंच अंतर आहे.

कायुगा सरोवराकाठच्या इथाका गावाला जाण्याचा मोह होईल. ते पूर्वेला आहे आणि नायगारा पश्चिमेला, म्हणून तिसरा मुक्काम असेल तरच जा. गेलात तर टॉगॅनॉक फॉल्स पाहा. २१५ फुटांची एकच उडी, म्हणजे नायगारापेक्षाही उंच, आणि वरच्या बाजूच्या सज्जावरून तो फारसं न चालता दिसतो. खालून जायचं तर पाऊण मैलाची जवळजवळ सपाट वाट आहे, ती आईंनाही जमेल. फक्त कोरड्या उन्हाळ्यात पाणी बारीक होतं. कॉर्नेल विद्यापीठातलं जॉन्सन कलासंग्रहालय मोफत आहे, पाचव्या मजल्यावर आशियाई कला आहे आणि खिडकीतून कायुगा सरोवर दिसतं. किराणा आणि भारतीय जेवण हवं असेल तर तेही इथाकात मिळतं.

वॉटकिन्स ग्लेनमध्ये शाकाहारी माणसाला पिझ्झा, पास्ता आणि सॅलड यापलीकडे फार काही हाती लागत नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, कुकर आणि तांदूळ-डाळ बरोबर ठेवा, आणि दरीत न्यायला भडंग किंवा दशम्या पुरतात. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या, विम्याची कागदं गाडीत असू द्या. रुग्णालय मॉन्टूर फॉल्सला आहे. डोंगरांमध्ये फोनचं नेटवर्क जातं, नकाशा आधी उतरवून घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघा आणि वाटेत लेचवर्थ स्टेट पार्कमधून जा. जेनेसी नदीच्या या दरीत कडे ६०० फुटांपर्यंत उंच आहेत आणि पार्कातला रस्ता काठाकाठाने जातो. जागोजागी गाडी थांबवून कठड्याशी उभं राहता येतं, आदल्या दिवशी चाललेल्या गुडघ्यांना याहून चांगली सोय नाही. वेळ कमी असेल तर मिडल फॉल्स तेवढा पाहा, १०७ फुटांचा आहे. पार्किंगची पावती जपून ठेवा. राज्याच्या एका पार्कात भरलेलं शुल्क सहसा त्याच दिवशी दुसऱ्या राज्य पार्कातही चालतं, आणि नायगाराची अमेरिकन बाजूही राज्य पार्कच आहे. संध्याकाळपर्यंत तिथे पोचता. आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नसेल तरी हळहळू नका, अमेरिकेच्या बाजूने बोट निघते आणि ती धबधब्याच्या अगदी जवळ जाते.

शेवटचं एक. गॉर्ज ट्रेल मेच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असते, कारण थंडीत बर्फाने कड्यांचे दगड सुटतात. जुलैत ही अडचण नाही, पण जोराचा पाऊस पडला तर वाट काही तास बंद करतात. म्हणून दरी पहिल्याच सकाळी ठेवा. ती बंद निघाली तर दुपार किंवा तिसऱ्या दिवसाची पहाट हाताशी राहते. आई किती जिने चढू शकतात आणि तारखा कोणत्या, एवढं कळवलंत तर कुठल्या दाराने सुरुवात करायची ते मी नेमकं सांगेन.